दवाखाना, वृद्धाश्रम, व्यसनमुक्ती केंद्र : नोंदणी कुठे पाहायची आणि तक्रार कुणाच्या टेबलावर द्यायची

नाशिक शहरात मुंबई नाक्यापासून द्वारकेपर्यंत किंवा गंगापूर रोडने पाट्या वाचत निघा. हॉस्पिटल, नर्सिंग होम, मल्टिस्पेशालिटी, क्लिनिक, केअर सेंटर, रिहॅब अशी नावं दिसतात. पाटीवर मालक काय लिहितो याचा कायद्याशी फारसा संबंध नसतो. आत खाटा आहेत का, जागा कोण चालवतं आणि तिथे कुठल्या कारणासाठी माणूस ठेवून घेतला जातो, यावर कुठला कायदा लागू होतो ते ठरतं, आणि कायद्यावरून कचेरी ठरते. नाशिकात सुरगाणा-पेठपासून धुळे-नंदुरबारपर्यंतचे रुग्ण येतात. त्यांच्या नातेवाइकांचा निम्मा त्रास चुकीच्या कचेरीत चपला झिजवण्यात जातो. गेल्या काही वर्षांत नियम रुग्णाच्या बाजूने बरेच सरकले आहेत, पण ते आपोआप कामाला लागत नाहीत. योग्य कागद योग्य टेबलावर गेला, त्याची पोच हातात आली, की हलतात. म्हणून हा लेख कायद्यांच्या क्रमाने न लिहिता, माणूस दवाखान्यात नेण्यापासून पुढे जे घडतं त्या क्रमाने लिहिला आहे.

आधी ठरवा : ही जागा नेमकी कुठल्या प्रकारची?

केंद्राचा 2010 चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. आपल्याकडे खाटा असलेल्या खासगी दवाखान्यांना 1949 चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा लागू आहे. पूर्वी त्याच्या नावात 'मुंबई' होतं, आता 'महाराष्ट्र' आहे. कायदा जुना असला तरी त्याखालचे नियम 14 जानेवारी 2021 रोजी मोठ्या प्रमाणावर बदलले. दरांचा फलक, रुग्णहक्कांची सनद, तक्रारीची व्यवस्था हे सगळं त्या बदलातून आलं.

या कायद्याच्या कक्षेबाहेर काय राहतं, हे लोकांना सहसा माहीत नसतं. नुसती ओपीडी चालवणारं, एकही खाट नसलेलं क्लिनिक त्यात येत नाही. पॅथॉलॉजी लॅबही येत नाही. सरकारी आणि महापालिकेचे दवाखानेही येत नाहीत, त्यांच्याविषयी पुढे वेगळं लिहिलं आहे. मानसिक आजार आणि व्यसनमुक्तीच्या केंद्रांना 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा लागतो. बालगृहांना 2015 चा बाल न्याय कायदा लागतो, आणि तिथली कुठलीही शंका 1098 वर कळवता येते. दिव्यांगांच्या संस्थांना 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली नोंदणी करावी लागते. वृद्धाश्रमांचा मामला सगळ्यात सैल आहे.

खासगी दवाखान्यासाठी कचेरी कोणती? जागा नाशिक महापालिकेच्या हद्दीत असेल तर महापालिकेचा वैद्यकीय विभाग, शरणपूर रोडवरचं राजीव गांधी भवन. मालेगावला स्वतंत्र महापालिका आहे, त्यामुळे तिथला कागद तिथेच द्यायचा. सिन्नर, निफाड, इगतपुरी, त्र्यंबकेश्वर अशा भागांसाठी जिल्हा शल्यचिकित्सक किंवा जिल्हा आरोग्य अधिकारी यांच्याकडे जावं लागतं. पहिल्यांची कचेरी त्र्यंबक रोडच्या जिल्हा रुग्णालयात आहे, दुसऱ्यांची जिल्हा परिषदेत. कागद एकाच्या नावाने लिहा आणि प्रत दुसऱ्याला द्या, म्हणजे 'हे आमच्याकडे येत नाही' या उत्तराला जागाच उरत नाही. देवळाली कॅम्पचा पत्ता असेल तर तो भाग छावणी परिषदेचा आहे हे अर्जात स्पष्ट लिहा आणि एक प्रत तिकडेही द्या.

पायरी 1 : भिंतीवरचं प्रमाणपत्र वाचा

अ‍ॅडमिशनच्या खिडकीजवळ किंवा स्वागतकक्षात नोंदणीचं प्रमाणपत्र लावलेलं असलं पाहिजे. ते 'सी' नमुन्यात असतं. त्यावर चार गोष्टी बघायच्या : दवाखान्याचं नाव आणि पत्ता तुम्ही उभे आहात तिथलाच आहे का, कुणाच्या नावाने नोंदणी आहे, किती खाटांना परवानगी आहे, आणि मुदत कधी संपते. नोंदणी 3 वर्षांची असते आणि 31 मार्चला संपते. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यात तारखेकडे जास्त लक्ष द्या. नूतनीकरणाचा अर्ज दिलाय असं सांगितलं तर त्या अर्जाची पोच दाखवा म्हणा. खरोखर दिला असेल तर पोच असतेच.

खाटांचा आकडा म्हणजे नुसती औपचारिकता समजू नका. 15 खाटांची परवानगी असलेल्या जागेत 25 रुग्ण दिसत असतील, तर सिस्टर, स्वच्छता आणि आगीची व्यवस्था 15 रुग्णांच्याच हिशेबाने केलेली असण्याची शक्यता जास्त.

आगीचा कागद वेगळा असतो. 2006 च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्यानुसार परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा चालू असल्याचं 'बी' नमुन्यातलं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत घ्यावं लागतं. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात 9 जानेवारी 2021 रोजी 10 नवजात बाळं गेली, त्यानंतर राज्यभर अग्निसुरक्षेच्या तपासण्या सुरू झाल्या. नाशिकात शंका असेल तर शिंगाडा तलावाजवळच्या अग्निशमन मुख्यालयात लेखी विचारता येतं. मात्र घाईच्या वेळी कागद मागण्यापेक्षा जिन्याकडे बघा. जिन्यात सिलिंडर, जुन्या गाद्या, मोडक्या ट्रॉली रचलेल्या असतील तर प्रमाणपत्र कितीही ताजं असो, मी तिथे ठरवून होणारं ऑपरेशन करून घेणार नाही.

डॉक्टरांचं नाव महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर शोधता येतं. होमिओपॅथी आणि आयुर्वेदाच्या परिषदा वेगळ्या आहेत. लेटरहेडवर नुसतं 'डॉ.' असेल आणि नोंदणी क्रमांक नसेल तर क्रमांक विचारा. त्यात कुणाचा अपमान होत नाही.

पायरी 2 : दरफलक, सनद आणि लेखी अंदाज

2021 च्या नियमांनी दवाखान्याला दर दर्शनी भागात लावायला सांगितलं आहे. प्रवेश शुल्क, खाटेचं आणि आयसीयूचं रोजचं भाडं, डॉक्टरांची प्रत्येक भेटीची फी, सहायकाची फी, ऑपरेशन थिएटर, भूल, नर्सिंग, सलाईन आणि रक्त चढवणं, मॉनिटर, ऑक्सिजन, लॅब, एक्स-रे आणि सोनोग्राफी अशी ती यादी आहे. सरकारने दर किती असावेत हे ठरवून दिलेलं नाही. फक्त ते आधी सांगा, एवढंच बंधन घातलं आहे. बिल जास्त लावलं या तक्रारीचं तिथेच बरंच ठरतं. फलकावर खाटेचे 3,000 लिहिलेत आणि बिलात 4,500 लावलेत, तर हातात भक्कम मुद्दा आहे. 'शेजारच्या दवाखान्यात स्वस्त होतं' असं म्हणून मात्र हाती काही लागत नाही.

म्हणून आत शिरतानाच फलकाचा मोबाईलवर फोटो काढा. फलक नसेल तर जिथे तो असायला हवा त्या मोकळ्या भिंतीचा फोटो काढा. तारीख-वेळ फोटोत आपोआप नोंदली जाते. रुग्णहक्कांची सनद आणि स्थानिक प्राधिकरणाचा टोल-फ्री क्रमांकही तिथेच असायला हवा.

ठरवून होणारं ऑपरेशन असेल तर अंदाजपत्रक लेखी मागा. 'साधारण दीड-दोन लागतील हो' हे अंदाजपत्रक नव्हे. त्यात खोलीचा प्रकार, किती दिवस, इम्प्लांट कुठल्या कंपनीचं, औषधं आत धरलीत की बाहेर, आणि गुंतागुंत झाली तर काय वाढेल, हे असलं पाहिजे. काही ठिकाणी काउंटरवरचा मुलगा लिहून द्यायला कां कूं करतो. त्याला दोष देऊ नका, तो पगारी माणूस आहे. बिलिंग मॅनेजरला भेटा आणि जे तोंडी सांगितलं तेच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला सांगा. पाठवलं नाही तर तुम्हीच लिहा : 'आज सकाळी आपण सांगितल्याप्रमाणे एकूण खर्च अमुक, त्यात अमुक समाविष्ट.' त्यावर आक्षेप आला नाही, तरी एक पुरावा तयार झालाच.

औषधांबाबत एक गोष्ट. दवाखान्यातल्याच मेडिकलमधून औषधं घ्यायची सक्ती नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या सनदेत औषध आणि तपासण्या कुठून घ्यायच्या हे निवडण्याचा हक्क मानला आहे. मार्च 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा विषय राज्यांच्या धोरणावर सोपवला, आणि त्याच वर्षी राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने 'येथूनच औषधे घेणे बंधनकारक नाही' असा फलक लावायला सांगितलं. आयसीयूत रात्री दोन वाजता लागणारं इंजेक्शन तुम्ही बाहेर शोधायला जाणार नाही, ते खरं. पण डिस्चार्जच्या वेळची महिन्याची औषधं बाहेरून घ्यायला काहीच अडचण नाही.

पायरी 3 : पैसे कुठून येणार, हे पहिल्याच दिवशी

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत जुलै 2024 पासून कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे, आणि केशरी-पिवळ्या रेशनकार्डापुरती असलेली मर्यादाही काढली गेली आहे. दवाखाना योजनेत आहे का, आणि तुमचा आजार त्या दवाखान्याच्या मान्य यादीत आहे का, असे दोन प्रश्न वेगवेगळे विचारा. पहिल्याचं उत्तर 'हो' आणि दुसऱ्याचं 'नाही' असं बऱ्याचदा निघतं. विचारायचं काउंटरला नाही, दवाखान्यात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, म्हणजे आरोग्यमित्राला. आरोग्यमित्र जागेवर नसेल तर 155388 वर फोन करा. योजनेत मंजूर झालेल्या उपचारासाठी वर पैसे मागितले तर त्याची तक्रार याच क्रमांकावर होते.

ट्रस्टचा दवाखाना असेल तर आणखी एक दार उघडतं. धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात द्याव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी 1 लाख 80 हजार, दुर्बल घटकांसाठी 3 लाख 60 हजार. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा. समाजसेवा अधीक्षकांना भेटा आणि अर्जाची पोच घ्या. नकार दिला तर लेखी मागा आणि तो सहधर्मादाय आयुक्त, नाशिक यांच्याकडे न्या. एप्रिल 2025 मध्ये पुण्यात अनामत रकमेवरून एका गर्भवतीच्या मृत्यूचं प्रकरण गाजलं. त्यानंतर धर्मादाय रुग्णालयांना तातडीच्या रुग्णाकडून अनामत न घेण्याच्या सूचना निघाल्या.

विमा असेल तर विमा नियामकाचं 29 मे 2024 चं परिपत्रक लक्षात ठेवा. कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा, आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत. त्याहून उशीर झाल्याने खोलीचं भाडं वाढलं, तर तो भुर्दंड कंपनीने सोसायचा. 'विमा कंपनीकडून आलं नाही' असं दवाखाना म्हणाला, तर त्यांनी कागद किती वाजता पाठवले ते विचारा. उशीर पुष्कळदा तिथेच झालेला असतो.

पायरी 4 : आत असताना कागद जमवा

2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार आंतररुग्णाची कागदपत्रं 3 वर्षं जपायची आणि रुग्णाने किंवा अधिकृत नातेवाइकाने मागितल्यावर 72 तासांत द्यायची. ऑगस्ट 2023 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवे नियम आणले होते, पण त्याच महिन्यात ते स्थगित झाले. त्यामुळे 2002 चेच नियम चालतात. जाता जाता, इंटरनेटवर शोधताना भानावर राहा. नाशिककरांच्या तोंडी एनएमसी म्हणजे महापालिका, दिल्लीत एनएमसी म्हणजे वैद्यकीय आयोग. आयोगाकडे जायची तक्रार महापालिकेच्या अ‍ॅपवर टाकणारे लोक आहेत.

डिस्चार्ज समरी म्हणजे पूर्ण फाईल नव्हे. वादाची शक्यता असेल तर अर्जात नावानिशी मागा : प्रवेशावेळची नोंद, रोजचे डॉक्टरांचे शेरे, नर्सिंग चार्ट, ऑपरेशन आणि भुलेची नोंद, संमतीपत्रं, तपासण्यांचे अहवाल, एक्स-रे-सीटीच्या सीडी, आणि बाबनिहाय बिल. छपाईचा वाजवी खर्च द्यायची तयारी अर्जातच लिहा. दोन प्रती करा, एकीवर शिक्का, सही, तारीख आणि वेळ घ्या. घ्यायला नकार दिला तर दवाखान्याच्या ईमेलवर आणि स्पीड पोस्टाने पाठवा. जुनं रजिस्टर्ड पोस्ट आता स्पीड पोस्टातच विलीन झालं आहे.

बिलावरून अडलं तर

तातडीच्या रुग्णाला आधी जीव वाचवणारे उपचार द्यायचे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच परमानंद कटारा प्रकरणात सांगितलं. रस्ते अपघातातल्या जखमींसाठी मे 2025 पासून केंद्राची विनारोकड योजना आहे. तिच्यात नियुक्त रुग्णालयात अपघातापासून 7 दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. मुंबई-आग्रा महामार्ग शहराच्या पोटातून जातो, त्यामुळे नाशिककराला हे पाठच हवं.

बिल थकलं म्हणून रुग्णाला डांबून ठेवणं बेकायदा आहे, असं मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलं आहे. मृतदेहही बिलासाठी अडवता येत नाही. दवाखान्याला वसुलीचे दिवाणी मार्ग मोकळे आहेत, तेव्हा 'बिल माफ करा' आणि 'माणूस सोडा' या मागण्यांची गल्लत करू नका. आधी म्हणा, 'आम्हाला डिस्चार्ज द्या, बिलावर आमचा लेखी आक्षेप आहे, वादात नसलेली रक्कम आत्ता भरतो.' तरी अडवलं तर 112 ला फोन लावा. मारामारी, तोडफोड मुळीच करू नका. डॉक्टरांवर आणि दवाखान्यांवर होणाऱ्या हल्ल्यांसाठी राज्यात 2010 चा स्वतंत्र कायदा आहे. तुमची बाजू कितीही खरी असली तरी एक काच फुटली की प्रकरणच उलटतं.

तक्रार : कशाची, त्यावर दार ठरतं

सगळा राग एकाच अर्जात ओतायचा आणि तो पालिका, पोलीस, आमदार, मुख्यमंत्री अशा सगळ्यांना पाठवायचा, ही आपली जुनी सवय. त्यातून प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. दरफलक नाही, नोंदणी संपली, खाटा जास्त, कागद देत नाहीत, असे नियमभंग पालिकेच्या वैद्यकीय विभागाकडे न्यायचे. डॉक्टरांच्या वर्तणुकीची किंवा व्यावसायिक चुकीची तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे. भरपाई हवी असेल तर ग्राहक आयोग. फौजदारी निष्काळजीपणासाठी पोलीस, पण सर्वोच्च न्यायालयाच्या 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालानंतर पोलीस आधी स्वतंत्र वैद्यकीय मत घेतात, आणि जिल्ह्यात ते शल्यचिकित्सकांच्या समितीकडून येतं. 1 जुलै 2024 पासून अशा मृत्यूंना भारतीय न्याय संहितेचं कलम 106 लागतं. त्यात नोंदणीकृत डॉक्टरसाठी 2 वर्षांपर्यंतच्या शिक्षेची तरतूद आहे.

पालिकेला द्यायचा अर्ज एका पानाचा ठेवा. नमुना असा :

"प्रति, वैद्यकीय विभाग, नाशिक महानगरपालिका. विषय : महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायदा आणि 2021 च्या सुधारित नियमांचा भंग. महोदय, माझी आई (वय, आंतररुग्ण क्रमांक) अमुक दवाखान्यात अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत दाखल होती. 1) दर्शनी भागात दरफलक नव्हता, फोटो जोडला आहे. 2) अमुक तारखेला मागूनही बाबनिहाय बिल मिळालं नाही, अर्जाची पोच जोडली आहे. कृपया पाहणी करून अहवालाची प्रत मला द्यावी आणि केलेली कारवाई लेखी कळवावी."

यात कुठलंही विशेषण नाही, आणि ते मुद्दाम. 'लुटारू', 'कसाई' असं लिहिलं की वाचणारा अधिकारी अर्ज भांडणाचा म्हणून बाजूला ठेवतो. पाहणी अहवालाची प्रत मागणं हे या अर्जातलं सगळ्यात मोलाचं वाक्य. टपाल विभागात अर्ज दिल्यावर आवक क्रमांक घ्या. नगरसेवकांना सांगायचं असेल तर तो क्रमांक घेऊन सांगा.

ग्राहक आयोग, थोडक्यात

पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे 1995 पासून पक्कं आहे. 2019 च्या नव्या कायद्यात दोन गोष्टी बदलल्या. तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. आणि आयोग कुठला, हे मागितलेल्या भरपाईवरून नव्हे तर दवाखान्याला दिलेल्या रकमेवरून ठरतं. ती 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, म्हणजे जवळपास सगळी प्रकरणं नाशिकातच. 5 लाखांपर्यंत शुल्क नाही, 5 ते 10 लाखांना 200 रुपये, 10 ते 20 लाखांना 400. वकील सक्तीचा नाही, पण उपचारातल्या चुकीचा दावा असेल तर तज्ज्ञ डॉक्टरचं लेखी मत बहुतेक वेळा लागतं, आणि ते मिळवणं हेच खरं अवघड काम. मुदत कारण घडल्यापासून 2 वर्षं. पालिकेकडे किंवा कौन्सिलकडे तक्रार चालू आहे म्हणून ही मुदत थांबत नाही. अनेकांची प्रकरणं इथेच बुडतात.

सरकारी आणि पालिकेच्या दवाखान्यांचं काय?

21 एप्रिल 2021 रोजी महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीतून गळती झाली. त्या दिवशी 22 रुग्ण गेले, पुढे आकडा 24 वर पोचला. ज्या महापालिकेने खासगी दवाखान्यांची नोंदणी तपासायची, तिच्याच दवाखान्याला तो नोंदणी कायदा लागू नाही. आणि जिथे सगळ्यांना मोफत उपचार मिळतात तिथली सेवा ग्राहक कायद्यातही बसत नाही. माझ्या मते राज्याच्या नियमनातली ही सगळ्यात मोठी फट आहे, आणि 2021 च्या बदलांनी ती बुजवली नाही.

तरी रस्ते आहेत. जिल्हा रुग्णालयासाठी आरोग्य उपसंचालकांकडे, बिटको किंवा झाकीर हुसेनसाठी पालिका आयुक्तांकडे लेखी तक्रार करता येते. 'आपले सरकार'वर तक्रार नोंदवता येते, आणि गंभीर प्रकरण राज्य मानवी हक्क आयोगाकडे नेता येतं.

वृद्धाश्रम आणि घरी येणाऱ्या मावशी

सशुल्क खासगी वृद्धाश्रमाला दवाखान्यासारखा परवाना घ्यायला लावणारी पक्की व्यवस्था नाही. वृद्धाश्रम आणि घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी सक्तीची करणारं, 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं दुरुस्ती विधेयक 2019 मध्ये लोकसभेत आलं, पण त्याचा कायदा झाला नाही. म्हणून इथे तुम्हीच तपासनीस. संस्था ट्रस्टची असेल तर नोंदणी क्रमांक घेऊन धर्मादाय कार्यालयात पडताळा. अनुदानित आश्रमांची माहिती नासर्डी पुलाजवळच्या सामाजिक न्याय भवनात समाजकल्याण सहायक आयुक्तांकडे मिळते.

एक मुद्दा मात्र हाताशी ठेवा. 1949 च्या कायद्यात आजारी, जखमी किंवा दुर्बल माणसांना ठेवून घेऊन उपचार आणि शुश्रूषा करणारी जागा म्हणजे शुश्रूषागृह, अशी व्याख्या आहे. नळीने जेवण, जखमांचं ड्रेसिंग, इंजेक्शनं असं सगळं करणारा आश्रम 'आम्ही फक्त वृद्धाश्रम' म्हणत असेल, तर तो या व्याख्येत बसतो असं माझं वाचन आहे. पालिकेला तसं लेखी विचारायला हरकत नाही.

बघायला जायचं तर दुपारच्या जेवणाच्या वेळी, न कळवता जा. रात्री किती माणसं ड्युटीवर असतात, डॉक्टर कोण, तब्येत बिघडली तर कुठल्या दवाखान्यात नेतात, अनामत परत कधी मिळते, हे करारात लिहून घ्या. आजी-आजोबांना एकट्याने, बाहेर बोलता येतंय का ते पाहा.

घरी ब्युरोकडून येणाऱ्या मावशींच्या बाबतीत पहिला प्रश्न : या नर्स आहेत की काळजीवाहक? नर्सची नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे असते, क्रमांक मागा. काळजीवाहक मावशींकडून इंजेक्शन देऊन घेऊ नका, त्यात त्यांचाही जीव टांगणीला लागतो. पोलीस पडताळणी ब्युरोने केली का ते कागदावर पाहा. आणि मावशींचा पगार त्यांच्या हातात किती पडतो हेही विचारा. ब्युरो निम्मे कापत असेल तर महिन्याला माणूस बदलत राहतं.

मुलं सांभाळत नसतील तर ज्येष्ठ नागरिकांच्या त्याच 2007 च्या कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांसमोरच्या न्यायाधिकरणात अर्ज होतो. दरमहा 10,000 रुपयांपर्यंत निर्वाह मिळू शकतो. सांभाळण्याच्या अटीवर दिलेलं बक्षीसपत्र अट मोडल्यास कलम 23 खाली रद्द करून घेता येतं, मात्र ती अट कागदात लिहिलेली असावी. ज्येष्ठांची हेल्पलाइन 14567.

व्यसनमुक्ती केंद्र : इथे सर्वात सावध

दारू किंवा अमली पदार्थांमुळे होणारा मानसिक त्रास 2017 च्या कायद्यात मानसिक आजारातच धरला आहे. म्हणून अशी माणसं ठेवून घेणाऱ्या केंद्राला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी हवी. सोसायटीच्या किंवा ट्रस्टच्या नोंदणीचा कागद दाखवून बोळवण केली तर तो पुरेसा नाही. नोंदणीशिवाय केंद्र चालवल्यास पहिल्या वेळी 5,000 ते 50,000 रुपये, पुढे 5 लाखांपर्यंत दंड आहे.

'गाडी पाठवतो, उचलून आणतो' असं जिथे सांगतात तिथे पाऊल ठेवू नका. स्वेच्छेने दाखल झालेला माणूस मागेल तेव्हा त्याला सोडायला हवं, फार तर तपासणीसाठी 24 तास थांबवता येतं. त्याच्या इच्छेविना दाखल करायचं तर नामनिर्देशित प्रतिनिधीचा (रुग्णाच्या वतीने निर्णयात मदत करणाऱ्या माणसाचा) अर्ज आणि दोन स्वतंत्र तज्ज्ञ तपासण्या लागतात. मुदत 30 दिवसांपर्यंत, आणि याच कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला 7 दिवसांत कळवायचं, रुग्ण स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर 3 दिवसांत. साखळीने बांधणं कुठल्याही स्वरूपात चालत नाही. 'पहिला महिना घरच्यांना भेटता येणार नाही' ही अट ऐकली तर त्या माणसाला तिथे ठेवू नका. फोन आणि भेटीचा हक्क कायद्याने दिला आहे. सल्ल्यासाठी टेलीमानस 14416, व्यसनासाठी 14446.

उत्तरच आलं नाही तर : माहितीचा अधिकार

अर्ज दिला, पोच आहे, महिना उलटला, तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्द, हे बंधन आहे. 'कारवाई का केली नाही' असं विचारू नका, कारण 'का'चं उत्तर देणं बंधनकारक नसतं. कागद मागा : आवक क्रमांक अमुक वरच्या टिपणीची प्रत, पाहणी अहवालाची प्रत, दवाखान्याच्या सध्याच्या नोंदणी प्रमाणपत्राची प्रत, मान्य खाटांची संख्या, गेल्या 3 वर्षांत दिलेल्या नोटिसांच्या प्रती. पानाला 2 रुपये पडतात. 30 दिवसांत उत्तर नाही किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या 30 दिवसांत त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करा. तिथेही भागलं नाही तर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे दुसरं. खंडपीठाकडे तारीख लागायला वेळ जातो, म्हणून ग्राहक आयोगाची 2 वर्षांची मुदत त्या निकालाच्या आशेवर घालवू नका. हातात आहेत तेवढे कागद जोडून तक्रार दाखल करा, उरलेले नंतर सादर करता येतात.